खुडूक कोंबडीची बाजू

आधीच सांगतो, हा लेख कुक्कुटपालनाचं मार्गदर्शन नाही. पन्नास कोंबड्यांत महिन्याला अमुक हजार कसे कमवायचे ते शिकवणारी रील्स तुमच्या फोनवर येत असतीलच. माझ्याही येतात, कारण एके काळी मी ती मन लावून पाहिली आहेत. त्यातला माणूस बहुतेक वेळा पुरुष असतो, त्याच्या मागे हिरवी जाळी असते आणि 'फक्त' हा शब्द तो फार वापरतो. फक्त एवढी जागा, फक्त एवढं खाद्य, दिवसाला फक्त दोन तास. मला त्या माणसाशी भांडायचं आहे. अडचण एवढीच की दीड वर्षभर तो माणूस मीच होतो.

मी पालीचा. बल्लाळेश्वराचं पाली वेगळं, ते रायगडात. आमचं रत्नागिरी तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर, हातखंब्याच्या पुढे, कोल्हापूरचा रस्ता जिथे फुटतो तिथे. २०१९ ला इंजिनिअरिंग संपलं, पुण्यात नोकरी लागली आणि मार्च २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो तो इथेच राहिलो. पडवीत टेबल मांडलं. दिवसभर मीटिंगमध्ये माझा माइक चालू झाला की पाठीमागून कोंबडा आरवायचा. बंगळुरूची टीम लीड विचारायची, "इज दॅट अ रिंगटोन?"

तेव्हा आईकडे सतरा कोंबड्या होत्या, सगळ्या गावठी. रात्री खुराड्यात, दिवसा परड्यात, आणि पिल्लं असली की डालग्याखाली. खाणं म्हणजे कण्या, कोंडा, घरातलं उष्टं आणि बाकी त्यांचं त्या उकरून मिळवतील ते. आई त्यांना काही 'पाळत' आहे असं कधी वाटलंच नाही. भांडी घासता घासता, निवडता निवडता होणारं काम ते. ज्या कामाला वेगळी वेळ लागताना दिसत नाही, त्याला आपण काम म्हणत नाही. मी तर पगारच तासांवर मोजणारा माणूस.

लॉकडाउनमध्ये हाताला वेळ होता. मी आईच्या कोंबड्यांची एक्सेल शीट केली.

## डाउनटाइम

शीटमधून जे दिसलं त्याने मी हादरलो. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग एकवीस दिवस अंड्यांवर बसते. पिल्लं निघाली की दोन-अडीच महिने ती पिल्लांची. तेवढा काळ अंडी बंद. म्हणजे वर्षाला तीन-चार डाव, पन्नास-साठ अंडी. पिंजऱ्यातली लेअर कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. माझ्या शीटमध्ये खुडूक काळासाठी मी एक रकाना केला होता. त्याचं नाव ठेवलं होतं 'डाउनटाइम'.

डाउनटाइम कमी करणं हेच तर माझं रोजचं काम. मी खुडूक मोडायला लागलो. जुने उपाय आहेतच. कोंबडी पाण्यात बुचकळायची, अंडी काढून घ्यायची, पायाला दोरी लावून उजेडात बांधायची. आई म्हणाली, "बसायची तिची वेळ झालीय, बसू दे की रे." मी तिला आकडे दाखवले. दुसरीकडे टेम्पोवाल्याकडून गिरिराजच्या तलंगा घेतल्या, कुणाकडून दोन कडकनाथ आणले. गिरिराज बंगळुरूच्या पशुवैद्यकीय शास्त्रज्ञांनी तयार केलेली. तशीच हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा. वजनाला चांगल्या, अंड्यांना गावठीपेक्षा कितीतरी सरस, दिसायलाही रंगीत, म्हणून गावठी म्हणून खपतात. परड्यात त्यांना तोड नाही असं मला वाटलं.

एक गोष्ट रीलमधल्या माणसाने सांगितली नव्हती. या सुधारित जातींची खुडूक होण्याची सवय निवडीतून जवळपास घालवलेली असते. जास्त अंडी हवीत तर कोंबडीने बसायचं कशाला? पण मग पिल्लं कोण काढणार? हॅचरी. दर वेळी, पैसे देऊन. आमच्या धंद्यात याला सबस्क्रिप्शन मॉडेल म्हणतात. वस्तू तुमच्या घरात असते, पण ती चालू ठेवायची किल्ली दुसऱ्याकडे असते.

माझ्याकडे त्यालाही उत्तर होतं. मी ऑनलाइन इन्क्युबेटर मागवला. एप्रिल २०२१ च्या शेवटी त्यात चाळीस अंडी लावली. तापमान, आर्द्रता, सगळं फोनवर दिसायचं. १६ मेला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेला गेलं. झाडं पडली, तारा तुटल्या, वीज गेली ती लगेच आली नाही. इन्व्हर्टर रात्रीपुरता टिकला. अठराव्या दिवसाची अंडी थंड पडत होती आणि मी हेअर ड्रायरला जनरेटर कुठे मिळेल ते शोधत होतो.

त्याच वादळात, मागच्या पडवीत, आईची काळी कोंबडी टोपलीत बारा अंड्यांवर बसली होती. पत्रा वाजत होता, पावसाचे सपकारे आत येत होते. ती हलली नाही. तिची अकरा पिल्लं निघाली. माझं एकही नाही.

त्या अकरांतली सहा अंडी गिरिराजची होती. आईने मला न विचारता तिच्याखाली सरकवली होती.

मिश्र कळपाचं सगळं गणित या एका टोपलीत आहे, आणि ते कुठल्याच योजनेच्या पत्रकात नसतं. गिरिराज अंडी घालेल, गावठी ती उबवेल. खुडूक कोंबडी म्हणजे बंद पडलेलं मशीन नव्हे. विजेशिवाय चालणारी, स्वतःच तापमान राखणारी, वेळच्या वेळी अंडी फिरवणारी, निघालेल्या पिल्लाला वाळवी कुठे मिळते आणि घार आली की कुठे लपायचं ते शिकवणारी अख्खी यंत्रणा आहे. मी तिला पाण्यात बुचकळत होतो.

## पैसे कोणाच्या खात्यात

आता जास्त लाजिरवाणा भाग.

अंडी वाढली तशी मी विक्री लावली. पुण्या-मुंबईच्या मित्रांना 'ओरिजिनल गावठी' हवीच होती. महामार्गावरून गाड्या जातातच. एक फोटो, एक ग्रुप आणि एक क्यूआर कोड. तो क्यूआर माझ्या नावाचा होता. का? कारण सेटअप मी केला होता. याहून जास्त विचार मी केला नव्हता.

दोनेक महिन्यांत माझ्या लक्षात आलं की आई खुराड्याकडे जाईनाशी झाली आहे. सकाळी दार उघडायचं राहून जायला लागलं. मी विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या कोंबड्या आहेत ना, तू बघ." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "आणि आता चहापत्तीलाही तुझ्याकडेच मागायचे का मी पैसे?"

मी लहान असताना अंड्यांचे पैसे फळीवरच्या एका डब्यात जायचे. त्या डब्याचा हिशेब बाबांनी कधी विचारला नाही. त्यातून माझ्या वह्या आल्या, बहिणीच्या बांगड्या आल्या, आजीचं औषध आलं. माझ्या प्रवेश परीक्षेच्या फॉर्मचे पैसे दोन कोंबडे विकून भरले होते, हे मला आईने नाही, शेजारच्या काकूंनी त्या दिवशी सांगितलं. म्हणजे ज्या डब्याने मला इंजिनिअर केलं, तोच डबा मी इंजिनिअर होऊन रिकामा केला होता.

कोकणात ज्या घरी जाल तिथे हेच दिसेल. भात घराचं, आंबा-काजू पुरुषांच्या व्यवहाराचा, आणि कोंबडी बाईची. कायद्याने नव्हे, दुर्लक्षाने. चार अंडी, एखादा कोंबडा, कोण हिशेब ठेवणार? त्या दुर्लक्षाच्या आडोशाला बायकांनी थोडे पैसे स्वतःचे ठेवले. राखणेचा कोंबडा शोधत माणसं आली की भाव बाई ठरवायची. गटारीला, शिमग्याला पाहुणे आले की कोंबड्या-वड्यांचा बेत तिच्या परवानगीने व्हायचा. आणि म्हणून 'परसातल्या कोंबडीचं उद्योगात रूपांतर' असं कुणी म्हटलं की मी आता आधी विचारतो, उद्योग झाल्यावर तो कोणाच्या नावावर असेल? शेडला जागा लागते. सातबारा कोणाचा? कर्जाला सही कोणाची? धंदा मोठा झाला की तो बाईच्या हातून सुटतो. त्यासाठी कुणी वाईट असावं लागत नाही. माझ्यासारखा मदत करणारा मुलगा पुरेसा असतो.

## आकार

आता आकाराबद्दल. आपल्याकडच्या बहुतेक योजनांना मोठं आवडतं. राज्याच्या एका योजनेत एक हजार मांसल पक्ष्यांची शेड आहे. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात पन्नास टक्के, जास्तीत जास्त पंचवीस लाखांपर्यंत अनुदान आहे, पण त्यासाठी हजार पक्ष्यांचा फार्म आणि हॅचरी उभी करायची तयारी हवी. छोट्या योजना आहेतही, पंचवीस तलंगा आणि तीन नर किंवा शंभर एकदिवसीय पिल्लं, निम्म्या खर्चात. त्याही सुधारित पक्ष्यांच्या. खुडूक बसणाऱ्या गावठी कोंबडीला कुठेच रकाना नाही.

गंमत म्हणजे आकडे तिच्या बाजूने आहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी १८ लाख कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यातली ३१ कोटी ७० लाख परसातली. आधीच्या, २०१२ च्या गणनेपेक्षा परसातले पक्षी सुमारे ४६ टक्क्यांनी वाढले, व्यावसायिक फार्मवरचे साडेचार टक्क्यांनी. ज्याला आपण मागास, संपत आलेलं समजतो ते वाढतं आहे.

मोठं करण्याच्या नादात काय होतं तेही आपण पाहिलं आहे. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बातम्या झाल्या, आणि २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून कडकनाथ घोटाळा बाहेर आला. पिल्लं आम्ही देतो, अंडी-पक्षी आम्हीच घेतो, असं सांगून शेतकऱ्यांकडून पैसे घेतले गेले आणि नंतर घेणारं कुणी उरलं नाही. घरोघरी काळ्या कोंबड्या आणि खाद्याची उधारी. यात कोंबडीचा दोष काहीच नव्हता. माझ्या दोन कडकनाथ मजेत आहेत, कारण त्यांच्याकडून मला कर्ज फेडायचं नाही.

## समोरची बाजू

वाद घालायचा तर समोरचं म्हणणं नीट घ्यायला हवं.

पहिलं म्हणणं, मोठ्या पोल्ट्रीमुळेच अंडं गरिबाला परवडतं. खरं आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, दलालांनी पाडलेल्या भावातून उत्पादक थोडे सुटले, आणि अंडं देशभर पोचलं. मुंबईला आमच्या काळ्या कोंबडीवर जगता येणार नाही. पण त्या स्वस्ताईची किंमत पिंजऱ्यातली कोंबडी भरते. तिला साधारण या स्क्रीनच्या दोन-चार पट जागेत आयुष्य काढावं लागतं, पंख पसरता येत नाहीत. २०१७ मध्ये विधि आयोगाने २६९ व्या अहवालात याच पिंजऱ्यांविरुद्ध लिहिलं. शहराला काय हवं हा वाद शहरात व्हायला हवा. माझं म्हणणं एवढंच की शहराचं उत्तर पालीच्या परड्यावर लादू नका.

दुसरं म्हणणं, गावठी अंडं म्हणजे अमृत. हे मात्र खोटं. कवचाचा तपकिरी रंग जातीवरून ठरतो, त्याचा पौष्टिकतेशी संबंध नाही. बलकाचा गडद रंग हिरवा पाला, किडे खाल्ल्याने येतो. दुप्पट भाव देऊन तुम्ही औषध विकत घेत नाही. आमच्या ग्राहकांना हे सांगितल्यावर काही जण नाराज झाले. होऊ देत.

तिसरं म्हणणं सगळ्यात वजनदार, रोग. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. तो तिथल्या मोठ्या फार्मवर. पण जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या तेव्हा पुन्हा सगळीकडे भीती पसरली, आणि मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला सुरक्षित म्हणता येत नाही हे खरंच आहे. मी ते स्वतःच्या घरात सिद्ध केलं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मी आठवडा बाजारातून सहा कोंबड्या आणल्या आणि त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडल्या. नवे पक्षी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवायचे असतात, हे मला माहीत होतं. कंटाळा केला. आठवड्यात एकीची मान वाकडी झाली, हिरवी हगवण, मग दुसरी. मानमोडी. पुस्तकात तिचं नाव रानीखेत. उत्तराखंडातल्या त्या गावात १९२० च्या दशकात ती भारतात प्रथम नोंदली गेली म्हणून. आईच्या सतरांतल्या चौदा गेल्या. आई रोज सकाळी एक-दोन उचलून परड्याच्या टोकाला खड्ड्यात चुन्यात पुरत होती. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

काळी वाचली. ती तेव्हा वेगळ्या टोपलीत अंड्यांवर बसली होती.

मानमोडीला लस आहे, स्वस्त आहे. मग वाडीत कुणी देत का नाही? कुपी शंभर मात्रांची, त्याहून मोठीही. बर्फात आणावी लागते. एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवायची. ज्या बाईकडे बारा कोंबड्या आहेत तिने काय करायचं? लस बनवणाऱ्याच्या डोळ्यापुढे शेड होती, वाडी नव्हती. बारा कोंबड्यांची बाई निष्काळजी आहे असं आपण म्हणतो, पण कुपीच तिच्या मापाची नाही.

उत्तर माझ्या लॅपटॉपमधून आलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बारा घरांच्या मिळून शंभर होतील की." झालं. आता ठरावीक महिन्यांनी एका संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरल्या की वाडीतल्या बायका लस घेऊन घरोघरी फिरतात. मी दुपारी बर्फाच्या डब्यात कुपी आणतो, टॉर्च धरतो आणि फोनवर वेळ लावतो. एक जण कोंबडी धरते, एक जण डोळ्यात थेंब टाकते. अंधार पडायच्या आत बारा घरं होतात. मी केलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे टॉर्च धरणं, हे मी गंभीरपणे म्हणतो आहे.

## मला काय हवं आहे

नुसती तक्रार करून थांबत नाही. तीन मागण्या आहेत.

लसीची कुपी लहान करा, नाहीतर वाडीला एकक मानून लस पोचवा. गायी-म्हशींच्या लसीकरणाची मोहीम गावात येते, तशी कोंबड्यांचीही यावी.

योजनेत खुडूक बसणारी कोंबडी मोजा. सुधारित पक्षी जरूर द्या, पण दहा तलंगांसोबत दोन गावठी माद्या द्या. बाकीचं त्या बघतील.

आणि अंडी जवळच विकली जाऊ देत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला आणि लोकसहभागातून बघा म्हणून सांगितलं. कोकणातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांचा पट वीसच्या आत आहे. आठवड्याला वीस अंडी एक वाडी सहज देते. तेवढ्या पैशाने शाळेतल्या मुलाला अंडं मिळेल आणि त्याच्या आईच्या डब्यात काही पडेल. त्याऐवजी आम्ही ती अंडी बॉक्समध्ये घालून पुण्याला, वजन कमी करणाऱ्या लोकांना पाठवतो.

आता आमच्याकडे एकोणीस आहेत. आठ गावठी, एक कोंबडा, पाच गिरिराज, दोन कडकनाथ आणि तीन अशा की ज्यांचे आईबाप सांगता येत नाहीत. मुंगूस दोन नेतं, एखादी कुत्रं नेतं, आषाढात खुराडं ओलं राहिलं की पिल्लांना रक्ती हगवण लागते. मी पत्रा वाढवला, चुलीची राख टाकतो. कळपाची मालकीण अजून काळीच. ती गिरिराजच्या निम्म्या वजनाची आहे, पण खाणं टाकलं की आधी तिची चोच, मग बाकीच्यांची. कोंबड्यांमधली ही उतरंड नॉर्वेच्या थोरलीफ श्येल्डेरुप-एब्बे याने १९२१ च्या सुमारास शास्त्रात आणली. तो पोरवयापासून कोंबड्या बघत बसायचा म्हणतात. मला तो माणूस आवडतो. त्याने त्यांना सुधारायच्या आधी नुसतं बघितलं.

क्यूआर आता आईच्या नावाचा आहे. खातंही तिचंच, फोनही. मेसेज आला की ती चष्मा लावून वाचते आणि आकडा कुणाला सांगत नाही. मागच्या आठवड्यात पुण्याहून साठ अंड्यांची ऑर्डर आली. तिने नाही म्हणून कळवलं. मी विचारलं का, तर म्हणाली, "काळी बसलीय. तिच्याखाली घालायला ठेवलीत."

शीट मी अजून ठेवली आहे. फक्त 'डाउनटाइम'चा रकाना काढून टाकला.

तुम्ही या मे महिन्यात कोकणात याल. महामार्गाला गाडी थांबवून कुणाच्या दारात 'गावठी अंडी आहेत का' विचाराल. ओरिजिनल आहेत का ते विचारू नका, त्याला अर्थ नाही. पैसे देताना मात्र क्यूआरवरचं नाव वाचा. अंडी जिने दिली तिचंच ते नाव आहे ना, एवढं बघा. नसेल तर खिशातली नोट काढून तिच्या हातात द्या.